बाबांची बसायची ट्यूब

मोटरसायकलवर लांबचा प्रवास आरामात कसा करावा, हे मला कुणी विचारू नये. विचारलंच तर मी एवढंच सांगेन, की आमच्या बाबांना मागे बसवू नका. बास. मग सीट कसलीही असो, रस्ता कसलाही असो, माणूस तरून जातो.

तेव्हा आम्ही नवीन पनवेलला सिडकोच्या घरात राहत होतो. नव्वदनंतरची पहिली काही वर्षं. कोकण रेल्वे अजून नुसती पेपरात धावत होती, त्यामुळे गावी जायचं तर एस.टी., नाहीतर माझी शंभर सीसीची मोटरसायकल. गाव आमचं कशेडी घाट उतरल्यावर, खेडच्या अलीकडे. शिमग्याला तिथे ग्रामदेवतेची पालखी निघते आणि पालखीला पहिला खांदा आमच्या घराचा. घरातला थोरला पुरुष पुढच्या दांड्याला खांदा देणार, मग बाकीचे हात लावणार. बाबांच्या आयुष्यात मान म्हणावा असा हा एवढाच. ऑफिसात ते जन्मभर कारकून होते. तिथे त्यांना कधी कुणी खुर्चीसुद्धा सरकवून दिली नव्हती.

आदल्या वर्षी मात्र ते गेले नाहीत. चुलतकाकांनी खांदा दिला. आणि गावचा रिवाज असा, की लागोपाठ दोन शिमगे घर गैरहजर राहिलं तर मान पुढच्या घराला जातो. म्हणजे चुलतकाकांनाच. "यंदा काय वाट्टेल ते होऊ दे, मी जाणार," असं बाबा संक्रांतीपासून म्हणत होते. आई ऐकून घ्यायची आणि माझ्याकडे बघायची.

न जाण्याचं खरं कारण आमच्या घरात कुणी तोंडाने उच्चारत नसे. आई म्हणायची, "ह्यांना उष्णता झालीय." बाबा म्हणायचे, "जरा उष्णता आहे." मूळव्याध हा शब्द आमच्याकडे शिवीच्या बरोबरीचा होता. डॉक्टरांनी दिलेलं मलमसुद्धा आईच्या साड्यांच्या घडीखाली लपवलेलं असे. गावाला निरोप गेला होता तो "ऑफिसातून रजा मिळत नाही" असा. अहो, बाबा रिटायर होऊन सहा महिने झाले होते! रिटायर माणसाला कसली आलीय रजा? पण हे निरोप पाठवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

मी म्हटलं, "बाबा, सरळ एस.टी.ने जाऊ. पुढची सीट मिळवतो."

"एस.टी. काय माझ्यासाठी थांबणारेय? मला थोड्या थोड्या वेळाने उठून उभं राहावं लागतं."

"मग एस.टी.त उभेच राहा ना."

"एवढा लांब पल्ला उभा राहू? वेड लागलंय का तुला? तुझी गाडी आहे की. म्हणू तिथे थांबते."

गाडी थांबते, चालवणाऱ्याचं काय? पण ते विचारायची सोय नव्हती.

मग आमच्याकडे बसण्याचे प्रयोग सुरू झाले. बाबा मुळातच चिकित्सक, त्यात हातात रिकामा वेळ. आधी आईची उशी बांधून पाहिली. ती पहिल्याच वळणाला घसरली आणि तिच्याबरोबर बाबाही. मग फोमचा तुकडा आणला. तो तापतो, म्हणून रद्द झाला. मग घोंगडीची घडी. ती टोचते. दर रविवारी मला गाडी काढून त्यांना कळंबोलीला न्यावं लागे, कारण तिथल्या ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यासारखी परीक्षा दुसरीकडे होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी पुढे, ते मागे, आणि दर खड्ड्याला निकाल जाहीर. "हां, हे नाही चालणार." "इथे लागतंय." "अरे हळू, माणूस बसलाय मागे, सिमेंटची गोणी नाही!" आजूबाजूचे ट्रकवाले बघून हसायचे. माझे मित्र त्याच गाडीवर माथेरानच्या पायथ्याला जाऊन यायचे आणि मी बापाला खड्डे मोजायला नेत होतो.

एका रविवारी त्यांची नजर माझ्या जादा ट्यूबवर पडली. लांब जायचं तर मागच्या चाकाची एक ट्यूब मी जवळ ठेवत असे. स्टेपनी म्हणून. बाबांनी ती उचलली, अर्धी हवा भरली, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ दिला, दुमडली आणि तिच्यावर बसले. चेहरा असा खुलला की विचारू नका. मधे पोकळ, बाजूने मऊ, लागायचं तिथे काही लागतच नाही.

"ही न्यायचीच आहे ना बरोबर? मग पिशवीत कशाला पडून राहायला हवी? बसायला होईल. एका वस्तूत दोन कामं!"

"आणि वाटेत पंक्चर झाली तर?"

"कधीतरी चांगलं बोलत जा रे."

आईने जुन्या चादरीचा अभ्रा शिवला. शिवला म्हणजे काय, चारी बाजूंनी दुहेरी टाका घालून कायमचा बंद केला, आणि वर सीटला बांधायला नाड्या. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "धक्के बसू नयेत म्हणून." धक्के! साऱ्या बिल्डिंगला कळलं होतं, फक्त त्यांना वाटत होतं की कळलं नाही.

पालखीच्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो. ऊन उतरायच्या आत पोचायचं होतं, कारण ऊन उतरलं की पालखी उठते, ती कुणासाठी थांबत नाही. पळस्पे फाट्याला बाबा पाय मोकळे करायला उतरले. पेणच्या अलीकडे उतरले. वडखळला उतरून चहा प्यायले, तोही उभ्याने. नागोठणे, कोलाड, माणगाव, एक गाव सोडलं नाही. चालत्या गाडीवर तर त्यांचं अखंड चुळबुळणं. डावीकडे कलायचे, उजवीकडे कलायचे, मधेच ट्यूब सारखी करायला अर्धवट उठायचे. गाडी नुसती वळवळायची. मी ओरडायचो, "बाबा, हलू नका!" ते ओरडायचे, "हललो नाही!" ऊन असं तापलेलं, हेल्मेटात घाम, आणि मागून चालू असलेल्या सूचना. माझं डोकं इतकं फिरलं होतं की महाडला त्यांना एखाद्या एस.टी.त कोंबावं आणि आपण पनवेल गाठावं, असं मनापासून वाटून गेलं.

महाड सोडल्यावर गाडी फारच वळवळायला लागली.

"बाबा, हलू नका म्हटलं ना!"

"अरे, मी हललोच नाही!"

"मग काय गाडी आपली आपण हलतेय?"

"देवाशपथ नाही हललो!"

दिवसभरात त्यांनी इतक्या वेळा खोटं सांगितलं होतं की मी विश्वास ठेवला नाही. तसाच हाणत राहिलो. शेवटी मागून फटफट असा आवाज आला, गाडी आडवी व्हायला आली, तेव्हा थांबलो. मागचं चाक पार बसलं होतं. बाबा खरंच हलले नव्हते. गाडीच हलत होती.

ढकलत ढकलत एका पंक्चरवाल्याच्या टपरीपर्यंत पोचलो. सण असून माणूस टपरीत होता, हेच नशीब. त्याने टायर उघडून ट्यूब बाहेर ओढली आणि आमच्यासमोर धरली. हवा नसताना चालवल्यामुळे वॉल्व्ह मुळासकट उपटला होता.

"ह्याला ठिगळ नाय बसायचं, साहेब. नवी ट्यूब लागल. माज्याकडं ट्रकच्या हायत, मोटरसायकलची नाय. महाडात आज दुकानं बंद. तुमच्याकडं दुसरी नाय काय?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी सीटवरच्या त्या फुलाफुलांच्या अभ्र्याकडे पाहिलं. ट्रकच्या ट्यूबवर बसायचा विचारही त्यांच्या डोळ्यांत येऊन गेला, मी स्वतः पाहिला. पण ती ट्यूब गाडीपेक्षा रुंद होती.

"फाड," बाबा म्हणाले.

आईचे दुहेरी टाके उसवताना पंक्चरवाल्याची दोन ब्लेडं मोडली. त्याने ट्यूब बाहेर काढली, पीळ उलगडला, पावडर लावून चाकात बसवली. "ही अशी शिवून कशापायी ठेवलीत?" त्याने विचारलं. "धक्के बसू नयेत म्हणून," मीच सांगितलं. बाबा रस्त्याच्या पलीकडे बघत राहिले.

गाडी तयार झाली. ऊन कलायला लागलं होतं. बाबा नुसत्या सीटवर बसले, आणि पहिल्या खड्ड्यालाच त्यांच्या तोंडून जो आवाज आला, तो ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला. मी थांबलो. "परत फिरूया, बाबा. मरू दे तो मान."

"तू चालव," ते म्हणाले. आणि माझ्या खांद्यांवर दोन्ही हात रोवून मागच्या फूटरेस्टवर उभे राहिले.

उभे! एस.टी.त उभं राहायला नको म्हणणारा माणूस माझ्या पाठीमागे ताठ उभा राहून कशेडी घाट चढला. मी जीव मुठीत धरून बैलगाडीच्या वेगाने चालवत होतो. ट्रकवाले हॉर्न देत होते, एस.टी.तून पोरं हात हलवत होती, एका वळणावर तर कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या. प्रत्येक वळणाला बाबांची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. खांदे जळत होते. मी दर दोन मिनिटांनी ओरडत होतो, "बाबा, बसा!" आणि ते दर वेळी म्हणत होते, "पुढे बघ." घाट उतरताना त्यांचे पाय थरथरत असल्याचं मला गाडीतून कळत होतं.

गावात शिरलो तेव्हा पालखी सहाणेवर सजून तयार होती. त्या चौथऱ्यावरूनच ती उठायची. ढोल वाजत होते, आणि चुलतकाका खांद्यावर टॉवेलाची घडी ठेवून उभे होते. आम्हाला बघून पुढे आले. "आलात, दादा! मिळाली काय रजा?" सगळे हसले. कुणीतरी खुर्ची आणली. "बसा, दादा." "दमून आलात, टेका जरा." "अवो, बसा की!" जो तो बसवायला धावला. बाबा नको नको म्हणत सरळ पालखीकडे गेले, वाकून दांड्याला हात लावला, आणि त्यांना ती उचलवेना. पाय लटपटत होते. त्यांनी वळून माझा हात धरला आणि मला दांड्यापाशी उभं केलं.

"हा देईल खांदा."

गुरव म्हणाला, "थोरला हजर असताना दुसऱ्याचा खांदा कसा चालंल? नसल जमत तर देवासमोर कारन सांगावं लागतं, दादा. मग पोरगा चालतो." आणि त्याने हात वर करून ढोल थांबवले. साऱ्या गावाला ऐकू जावं म्हणून.

आता हे पुन्हा रजेचं सांगणार, मी मनात म्हटलं. बाबांनी एकदा देवाकडे पाहिलं. मान वर केली. कपाळावरचा घाम पुसला.

"मला मूळव्याध आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. बसवत नाही. आज घाट उभ्याने चढून आलोय."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आणि मग चुलतकाकांनी खांद्यावरचा टॉवेल काढला.

"दादा," ते म्हणाले, "मला पन हाय."

"काय?"

"गेल्या साली तुमच्या जागी पालखी उचलली, नि आठ दिस पालथा पडून होतो. ह्या साली तुमी येताय का नाय, म्हनून सकाळपासनं रस्त्याकडं डोळं लावून बसलोय. बसलोय कसला, उभाच हाय! मला कुटं हौस होती त्या मानाची!"

मागून एक म्हातारा म्हणाला, "मला बी हाय." मग आणखी एक. गुरवाने घसा खाकरला आणि तोही हळूच म्हणाला, "आमच्यात तर बापजाद्यांपास्नं हाय." बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पुन्हा ढोल सुरू झाले.

मी खांदा दिला. बाबांची बोटं जिथे रुतली होती, नेमका तिथेच दांडा आला. डोळ्यांतून पाणी आलं, ते दुखलं म्हणून आलं असं मी सगळ्यांना सांगितलं. पालखी वळताना मी मागे पाहिलं. ती रिकामी खुर्ची तिथेच पडली होती. तिच्याभोवती बाबा, चुलतकाका आणि आणखी तिघं म्हातारे उभे होते. बाबा हातवारे करून काहीतरी समजावत होते, बहुतेक ट्यूबला पीळ कसा द्यायचा ते. बाकीचे मन लावून ऐकत होते, आणि कुणीही कुणाला बसा म्हणत नव्हतं.