कोपऱ्यातलं भांडण

मुलुंडला आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला ‘गो’ शिकवला. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावरची जागा घेरायची, असा खेळ. मी सुरुवातीलाच त्यांच्या कोपऱ्यात घुसले की त्या चहा फुंकत म्हणायच्या, "अगं, बाकीचे कोपरे मोकळे आहेत ना? आधी ते घे. भांडण कुठे पळून जातंय?"

काकांचं ऑपरेशन चालू असताना हॉस्पिटलच्या बाकावर काकूंनी पिशवीतून छोटा पट काढला. मी पहिली सोंगटी ठेवली आणि काकूंनी लगेच तिला खेटून आपली आपटली.

"काकू, आत्ताच?"

"आज थांबवत नाही गं."

त्या एकाच कोपऱ्यात आम्ही भांडत राहिलो. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "सगळं नीट झालं."

काकूंनी पटाकडे पाहिलं. "शी, किती वाईट खेळले मी!" म्हणून हसल्या, आणि मग रडल्या.