भिंगावरची काच

वणीच्या बळीराम फोटोवाल्याचा कोणावरच विश्वास नव्हता. गिऱ्हाईक उठून गेलं की तो आधी कॅमेऱ्याचं भिंग बघायचा. कोणी बोट तर लावलं नाही ना? घर चालायचं ते त्या एका भिंगावर.

साठ सालच्या सुमारास शेजारच्या सायकलवाल्या देवीलालनं नागपूरहून त्याला एक काच आणून दिली. पितळी कड्यात बसवलेली, साधी, बिनरंगी. म्हणाला, "भिंगावर फिरवून बसव. कोळशाच्या गाड्यायची धूळ मंग हिच्यावर बसंन."

काच बसली, पण बळीरामच्या डोक्यात किडा वळवळू लागला. देवीलालचा साळा त्याच गल्लीत स्टुडिओ काढणार होता.

"फुकट कायले देते तो?" तो बायकोला म्हणाला. "माहे फोटो खराब कराले."

"मंग फोटो पाहा ना," मथुराबाई म्हणाली. "का तेही देवीलालभाऊनंच पाहाचे?"

फोटो चांगले येत होते. त्यामुळं तर संशय आणखीच वाढला. शेवटी त्यानं काच काढायला घेतली, तर ती हलेना. आट्यांत धूळ जाऊन कडं गच्च बसलं होतं. बळीरामची खात्रीच झाली, देवीलालनं आतून डिंक लावला.

बैलबाजारात राळेगावकडचे एक शेतकरी, खेमसिंग, नव्या बैलजोडीसोबत फोटोला उभे राहिले. बळीराम जरा पुढं सरकला, तोच बैलानं मान झटकली. शिंगाचं पितळी टोपण कॅमेऱ्याला खट्टकन लागलं आणि काचेवर तड्यांचं जाळं पसरलं. आतलं भिंग शाबूत आहे की फुटलं, काही दिसेना.

कॅमेरा पोटाशी धरून तो देवीलालच्या दुकानात गेला.

"आण इकडं."

"मी धरतो. तू फक्त फिरव."

"धर बाबा. मी काय घेऊन पळतो?" देवीलालनं जुन्या ट्यूबची पट्टी कड्याभोवती गुंडाळली. "तोंड खाली कर, नाही तं तुकडे भिंगावर पडतीन."

बळीरामनं कॅमेरा उलटा केला, पण नजर देवीलालच्या बोटांवरून हलवली नाही. कडं करकरलं, मग फिरलं. तुकडे खाली सांडले.

त्यानं भिंग उन्हाकडे धरलं. एक ओरखडा नव्हता. फुंकर मारून पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आता काय शोधून राह्यला?"

"काही नाही." मग मान खाली घालून तो म्हणाला, "देवीलाल, नागपूरले गेला तं अजून एक आणशीन?"

"आणतो. पण या बारी पैसे घेईन, म्हणजे तुले झोप लागंन."