एस्टोनियाला दहापैकी दहा

न्हावा शेवाच्या एका गोदामात कंटेनरची दारं उघडण्यात बुधाजी घरतांची सव्वीस वर्षं गेली. कुठला देश खोकी नीट रचतो आणि कुठला नुसती कोंबतो, यावर त्यांची पक्की मतं होती. ती आजवर कोणी विचारली नव्हती, एवढंच.

कामावरून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात हेमांगी ओटीवर आली. नागावची मुलगी, हातात टॅब. देशांचं आणि कंपन्यांचं जगात नाव किती चांगलं, याची क्रमवारी लावणाऱ्या एका संस्थेच्या पाहणीसाठी ती घरोघर फिरत होती. वीस देशांची यादी. प्रत्येकाला दहापैकी गुण.

"त्यात एस्टोनिया हाय का?" बुधाजींनी विचारलं.

"नाही, काका."

"मंग यादी चुकलीय गो."

त्यांनी आत बोट दाखवलं. नात पिवळ्या, रुंद पट्ट्याच्या झोक्यावर बसली होती. अकरा वर्षांपूर्वी फळ्यांचा एक कंटेनर आला होता. वाटेत माल सरकून दारावर रेललेला. बुधाजींनी दार उघडलं, फळ्या अंगावर आल्या आणि छातीपासून वीतभर अंतरावर थांबल्या. कोणीतरी दाराच्या आत हा पट्टा आडवा बांधला होता. बांधताना त्याला बघायला कोणी उभं नसणार. साहेबांनी कागद पाहून देशाचं नाव सांगितलं, बुधाजींनी पाठ केलं.

हेमांगीनं ऑफिसला फोन लावला. "काका, एकट्याचं मत धरत नाहीत. पाच जणांनी आपणहून तेच नाव घेतलं तरच 'इतर'मध्ये एक ओळ मिळते."

बुधाजी बोटांवर मोजू लागले. मग हसले. "त्या दिवशी दाराशी आमी पाच जनच व्हतो."

निरोप गेले. दादू, रामचंद्र, गणराज आले. येसाजी जेवणावरून उठून आला.

"कंचा देश रे?"

"पट्टा बांधनारा."

"दहा लिव, पोरी! अकरा न्हाय देता येत?"

"नाही."

"मोप कंजूस पाहनी हाय ही."

मत कशावरून बनलं, असा पुढचा प्रश्न होता. बातम्या, प्रवास, उत्पादनं, चित्रपट. पाचही जणांनी नकारार्थी माना हलवल्या. हेमांगीनं 'अन्य कारण' उघडलं आणि पाच वेळा लिहिलं: जिवंत आहोत.

चार महिन्यांनी ती मोबाईलवर अहवाल घेऊन आली. 'इतर'मध्ये एकच ओळ होती: एस्टोनिया, सरासरी दहा. खाली तज्ज्ञांची टीप: रायगडच्या किनारपट्टीवर तिथल्या डिजिटल कारभाराचं विशेष आकर्षण दिसतं.

"काय लिवलंय?"

"तुमचं म्हणणं पोचलं, काका." टीप तिनं वाचली नाही.

"ज्यानं बांधला, तो वाचंल काय हे?"

"वाचेल कदाचित."

"वाचू दे. कामावरून घरी जाताना बरं वाटंल त्याला."

बुधाजींनी आकडा पुन्हा एकदा वाचून घेतला आणि आत जाऊन नातीला झोका दिला.