दोन्ही झेंडे वर: ओसाकातला गेलिक फुटबॉल

ओसाकाला जायचे ठरले ते मकरंदने यादीत माझ्या नावापुढे परस्पर खूण केली म्हणून.

"मला फुटबॉल येत नाही," मी म्हणालो.

"आम्हाला तरी कुठं येतो? तू खेळायचं नाहीस. तू अंपायर."

मकरंद सातारचा. टोकियोला लागून असलेल्या उरायासुत दोन खोल्यांचे घर आम्ही मिळून घेतले आहे. दोघेही टोकियोत एकाच बँकेच्या कामावर आहोत. तो प्रोग्रॅम लिहितो आणि मी त्यातल्या चुका शोधतो, त्यामुळे घरातली भांडणे ऑफिसातच उरकून होतात.

गेलिक फुटबॉल हा आयर्लंडचा खेळ. चेंडू हातात घेऊन पळता येते, पायाने उडवता येतो आणि गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांड्याच्या खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. अंपायर हिरवा झेंडा दाखवतो. दांड्यावरून, पण दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण; पांढरा झेंडा. दोन्ही झेंडे डोक्यावर एकमेकांना छेदून धरले तर गुण रद्द. हे मी वहीत तीन रंगांत लिहून ठेवले होते.

तिकडे प्रत्येक जिल्ह्यात बड्या क्लबांची वेगळी आणि खालच्या फळीतल्या क्लबांची वेगळी स्पर्धा होते म्हणे. जपानात इंग्रजी शिकवायला आलेल्या आयरिश मंडळींनी इथेही तसेच केले आहे. खालच्या फळीचे चार क्लब, दोन दिवस, प्रत्येकी तीन सामने. आमचा क्लब त्यातही खालचा. स्थापनेपासून प्रत्येक सामना हरलेला.

यंदा भानगड अशी होती की ज्या मोठ्या क्लबच्या मैदानावर आम्ही सराव करतो, त्यांनी कळवले होते: या वेळी किमान एक सामना न हरता या, नाहीतर वेगळा क्लब बंद करा आणि आमच्याकडे निवड चाचणीला या. चाचणीत मकरंदला घेतील. मला कशाला घेतील?

आणि मला आमचाच क्लब हवा होता. उरायासुत रविवारी मराठी मंडळी जेवायला जमली की नावानंतरचा दुसरा प्रश्न "कॉलेज कुठलं?" हा असतो. माझा डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सुटला. पुढे सरकारी संगणक परीक्षेचा दाखला मिळाला, जपानने तो मानला, म्हणून मी इथे आहे. पण एवढे सगळे पोळीचा घास तोंडात असताना सांगता येत नाही. मी भांडी घासायला उठतो. क्लबात हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. तिथे मी प्रथमोपचाराची पेटी सांभाळतो आणि हजेरी लिहितो, आणि तेवढे पुरते.

शनिवार

जाणाऱ्यांसाठी: घाई नसेल तर प्रत्येक स्टेशनावर थांबणारी कोडामा शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, घ्या. चार तास लागतात, पण आरक्षणाविना बसायला जागा मिळते. तरी एका बाजूचे तेरा-चौदा हजार येन जातात, मन घट्ट करा. फुजी पाहायचा असेल तर उजवीकडची खिडकी. आम्ही उजवीकडे बसलो आणि ढग पाहिले. शाकाहारींनी स्टेशनावरच ओनिगिरी घ्यावी, भाताच्या गोळ्यात खारवलेले आंबट फळ असते ती. पहिल्या घासाला डोळे मिटतात, मग सवय होते.

ओसाकात सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहायचे, टोकियोत डावीकडे. मी हे गाडीत सगळ्यांना वाचून दाखवले होते. उतरल्यावर नऊच्या नऊ खेळाडू डावीकडे उभे राहिले आणि मागे अख्खे ओसाका तुंबले.

"तू सांगितलंस म्हणूनच गोंधळ झाला," मकरंद म्हणाला. "नाहीतर बघून उभा राहिलो असतो."

मैदान नदीकाठी, स्टेशनापासून वीस मिनिटे चालत. अंपायरला पांढरा कोट घालावा लागतो. मला मिळालेला घोट्यापर्यंत होता. मी खांबाजवळ उभा राहिलो आणि थोड्या वेळाने कुत्रे फिरवणारे एक आजोबा समोर येऊन शर्टाची बाही वर करून उभे राहिले. त्यांना वाटले रक्तदाब तपासणीचे शिबिर आहे. मी नाही म्हणालो तर ते खट्टू झाले. पहिला सामना आम्ही तेरा गुणांनी हरलो, दुसरा नऊने.

"प्रगती आहे," आमचा कप्तान डोनल म्हणाला. तो शाळेत इंग्रजी शिकवतो आणि कशालाही प्रगती म्हणतो. पण संध्याकाळी बुटांच्या नाड्या सोडताना तो बराच वेळ वर पाहत नव्हता.

जेवायला ओकोनोमियाकी, म्हणजे कोबीचे जाड धिरडे, समोरच्या तव्यावर. आम्ही "मांस नको" सांगितले. त्यांनी मांस नाही घातले, वरून सुकवलेल्या माशाचे पापुद्रे घातले. ते वाफेने हलतात.

"जिवंत आहे रे हे!" मकरंद खुर्चीसकट मागे सरकला.

तेव्हा "कात्सुओबुशी नाशी दे", म्हणजे माशाचे पापुद्रे नकोत, हे वाक्य पाठ करून जा. मुक्काम तातामीच्या, म्हणजे गवती चटयांच्या, खोलीत, माणशी तीन हजार येन, गादी आपली आपण घालायची.

रविवार

शेवटचा सामना यजमान ओसाकाच्या क्लबशी. प्रत्येक गोलपोस्टपाशी दोन अंपायर असतात, दोन्ही संघांचा एकेक. माझा जोडीदार होता ओकुदा-सान, निवृत्त रेल्वेचालक, साठीच्या पुढचा. जपानी रेल्वेत कामाची एक रीत आहे: जे पाहिले त्याकडे बोट दाखवायचे आणि मोठ्याने म्हणायचे, म्हणजे चूक होत नाही. निवृत्तीनंतरही त्यांचे बोट निवृत्त झालेले नव्हते. सामना सुरू व्हायच्या आधी त्यांनी डाव्या खांबाकडे बोट केले, "खांब, ठीक." मग उजव्या. मग जाळे. मग माझ्याकडे. क्षणभर थांबून म्हणाले, "अंपायर... ठीक."

त्यांनी आपले झेंडे जमिनीत रोवले. माझे वाऱ्याने पडतील म्हणून मी दोन्ही हातांत धरून ठेवले.

आणि काय झाले कुणास ठाऊक, आम्ही त्या दिवशी हरत नव्हतो. मध्यंतराला बरोबरी. शेवटच्या मिनिटाला फक्त एका गुणाने मागे. चेंडू मी उभा होतो त्या टोकाला आला, मकरंदने तो छातीशी धरला, चार पावले पळाला आणि उडवला. उंच, सरळ, दांड्यावरून, खांबांच्या बरोब्बर मधून.

पांढरा झेंडा. एवढेच करायचे होते.

पण मी लहानपणापासून गल्लीत अंपायर. बॅटिंग चांगली नाही, म्हणून अंपायर. चेंडू टप्पा न घेता असा डोक्यावरून गेला की काय करायचे ते डोक्याला विचारावे लागत नाही. माझे दोन्ही हात ताठ वर गेले. झेंड्यांसकट. वारा होता, ते एकमेकांत गुंतले.

शिट्टी वाजली. रेफरीने हातानेच खूण केली: गुण रद्द. ओसाकाचा गोलरक्षक चेंडू ठेवायला निघालासुद्धा.

"नित्या!" मकरंद तिथूनच ओरडला. "काय केलंस हे! खाली घे ते, खाली घे!"

डोनल मैदानात मटकन खाली बसला.

रेफरी टकला आयरिश गृहस्थ. धावत आला. "फाउल कुणी केला?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "सिक्सर."

"काय?"

"क्रिकेट. चेंडू वरून गेला की..."

"पोरा, मी आयर्लंडचा आहे," तो म्हणाला. "इंग्रजांचा खेळ मला समजावू नकोस. गुण होता की नव्हता?"

"होता."

"तू त्यांच्या संघाचा. तू होता म्हणणारच." तो ओकुदा-सानकडे वळला. "तुम्ही सांगा."

ओकुदा-सान ओसाकाचे. त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली असती तर त्यांचा संघ जिंकला असता. त्यांचा कप्तान लांबून बघत होता. आम्ही सगळे बघत होतो.

त्यांनी डाव्या खांबाकडे बोट केले. "आत." उजव्या खांबाकडे. "आत." आडव्या दांड्याकडे. "वरून." मग वाकून आपला पांढरा झेंडा उपटला आणि वर धरला.

त्यांचा कप्तान जोरात म्हणाला, "ओकुदा-सान!" त्यात बरीच वाक्ये होती.

"पाहिलं तेच सांगितलं," ओकुदा-सान म्हणाले.

बरोबरी. दहा सेकंदांत सामना संपला. आम्ही तळालाच राहिलो, चषक दुसऱ्याच क्लबने नेला, पण सामना हरलो नाही. डोनलने मला कोटासकट उचलले आणि कोट बगलेत फाटला. मी ओकुदा-सानसमोर चार वेळा वाकलो. पाचव्यांदा वाकणार तर त्यांनी थांबवले आणि माझे हात धरून दाखवले: आधी बोट, मग तोंड, शेवटी झेंडा. दोनदा करून घेतले.

परतीच्या गाडीत मकरंदने आधी ओनिगिरी संपवली. मग म्हणाला, "माझ्या आयुष्यातला एकमेव गुण, आणि तू रद्द केलास."

"पण मिळाला ना."

"त्या काकांनी दिला. तू दिला नाहीस."

खरे होते. तेव्हापासून विचार करतो आहे: त्यांच्या जागी मी असतो आणि समोर आमचाच क्लब बुडत असता, तर पांढरा झेंडा उपटला असता का? ठामपणे हो म्हणता येत नाही. प्रवास, मुक्काम, जेवण मिळून माणशी पस्तीस हजार येन गेले. फाटलेला कोट मी शिवून पोस्टाने पाठवला.

मोठ्या क्लबचे उत्तर एका ओळीत आले: सराव चालू ठेवा.

पुढच्या शनिवारी एक नवा मुलगा आला. नागपूरचा, त्याच महिन्यात जपानात उतरलेला. मी वही उघडली. त्याने नाव सांगितले आणि न विचारताच कॉलेजवर आला, कुठल्या वर्षी किती टक्के, कुठे एक विषय राहिला होता, तो का राहिला. बोलताना कानापर्यंत लाल झाला होता.

मी नावापुढची जागा मोकळी ठेवली.

"ते असू दे," मी म्हणालो. "बुटाचं माप काय?"