परसातलं घर

जयसिंगरावांना कुठलीही गोष्ट बेतानं करता येत नसे. बसवनगुडीतल्या त्यांच्या घरी खिडकीची कडी सैल झाली, तर ते अख्खी चौकटच बदलून मोकळे होत. कारखान्याच्या सुतारखात्यात जन्म गेलेला. निवृत्त झाले तरी हाताला स्वस्थता ठाऊक नव्हती. पण शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यांनी रंधा हातात घेतला तो हौसेपोटी नव्हे. त्यांची नात मनस्विनी बोलेनाशी झाली होती.

मनू आदल्या जूनपासून शाळेत जायला लागलेली. घरात मराठी, गल्लीत कन्नड, वर्गात इंग्रजी. सुरुवातीलाच एकदा तिनं मिसकडे मराठीतून पाणी मागितलं आणि अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून पोरीनं तोंडाला कुलूप लावलं. आधी शाळेत, मग हळूहळू घरीही. मान हलवायची, बोटानं दाखवायची, बस्स. जूनपर्यंत बोलली नाही तर पुढच्या वर्गात घेणार नाही, असं मिसनी सांगून टाकलं होतं. तिचे आईबाप दिवसभर कचेरीत, त्यामुळे काळजीचं खातं आजीआजोबांकडे.

एके दुपारी जयसिंगरावांना जेवणाच्या टेबलाखालून कुजबुज ऐकू आली. मनूनं टेबलावरून चादर सोडून आत संसार मांडला होता. ते वाकले आणि कुजबुज थांबली. तरी त्यांच्या जिवात जीव आला. पोरीचा आवाज शाबूत होता. त्याला फक्त मोठ्यांची नजर पोचणार नाही अशी जागा हवी होती.

मग काय, परसात सीताफळाच्या झाडाशेजारी दोन-तीन पोरी मावतील एवढं लाकडी घर उभं राहिलं. दार, दोन खिडक्या, उतरतं छप्पर, वर पिवळाधमक रंग. आणि इथंच घोळ झाला. घर म्हटल्यावर त्यांच्या पत्नी वसुमतीबाईंनी पंचांग काढलं. दाराला आंब्याचं तोरण बांधलं, उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, आत शेगडी पेटवून दूध उतू घालवलं. यजमान म्हणून जयसिंगराव सोवळं नेसून त्या टीचभर दारातून रांगत आत गेले, ते बघायला शेजारी कुंपणाशी जमले होते.

गृहप्रवेश झाला आणि खेळ संपला. शेजारच्या रम्या आणि रक्षिता खेळायला आल्या की वसुमतीबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुरू होत. "चपला बाहेर काढा गं. माती आत नको. पूजा झालेलं घर आहे ते." पोरी बिचाऱ्या देवळात बसल्यासारख्या हात जुळवून बसत आणि थोड्या वेळानं निघून जात. मनू तर आत पाऊलही टाकीना. जून जवळ येत चालला तसं जयसिंगरावांना अन्न गोड लागेना.

वसुमतीबाई दोड्ड गणपतीच्या देवळात भजनाला गेल्या होत्या, त्या संध्याकाळी त्यांनी मनाचा हिय्या केला. नळाखाली चिखल केला, चपलांसकट पाय त्यात बुडवले आणि सरळ त्या घरात शिरून थयथय नाचले. तिन्ही पोरी आ वासून बघत राहिल्या.

"झालं घर ओवळं," बाहेर येत ते म्हणाले. "आता खेळा."

पोरींना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. चिखलाच्या इडल्या झाल्या, त्या खाऊन रक्षिता आजारी पडली म्हणून घराचा दवाखाना झाला, आणि ती बरी झाल्यावर घराची बस झाली. रम्या ड्रायव्हर, रक्षिता प्रवासी.

"कंडक्टर नाही तर बस हलणार कशी?" रक्षितानं विचारलं.

रम्यानं झाडाची मूठभर पानं मनूच्या हातात कोंबली. "ही तिकिटं," म्हणाली, आणि परत स्टिअरिंगला बसली. बोल म्हणून कोणी मागे लागलं नाही. जयसिंगराव पाठ फिरवून झाडाला पाणी घालू लागले. कान मात्र तिकडेच होते.

झारीतलं पाणी निम्मं संपलं. मग शहरातल्या मोठ्या बसस्टँडचं नाव पुकारणारा बारीक आवाज आला, "मजेस्टिक, मजेस्टिक." आणि पाठोपाठ चांगला खणखणीत, "मुंदे होगी, मुंदे होगी. स्वल्प पुढे सरका. राइट!"

जयसिंगरावांच्या हातातली झारी तिरपी झाली ती झालीच. झाडाऐवजी त्यांचं धोतर भिजत राहिलं.

तेवढ्यात वसुमतीबाई परतल्या. उंबऱ्यावरचा चिखल बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, हे काय केलंत?" म्हणत त्या तरातरा त्या घराच्या खिडकीपाशी आल्या. खिडकीतून एक चिखलाचा हात बाहेर आला.

"अज्जी, तुम्हाला कुठं जायचं?"

वसुमतीबाई जागच्या जागी थिजल्या. किती महिन्यांनी ऐकत होत्या हा आवाज. त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना.

"मोठ्यानं बोला," मनू कंडक्टरच्या तोऱ्यात म्हणाली. "न बोलता तिकीट मिळत नाही."

वसुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी जयसिंगरावच पुढे झाले.

"दोन मजेस्टिक द्या," ते म्हणाले. "त्यांना आत्ता बोलता येणार नाही."