तिचे भोंगवलीचे शनिवार

माझी बायको एका सोमवारी सकाळी आमच्या पिठाच्या गिरणीत बसल्या जागी वारली. वेल्ह्याच्या बाजारातली ही गिरणी आम्ही दोघांनीच चालवली. त्या दिवशी तिनं एका बाईचे तांदूळ जोखले, डबा बाजूला सारला आणि पोत्यावर टेकली. “पाणी द्या जरा,” म्हणाली. मी मोटर बंद करून, हात झटकून तांब्या आणेपर्यंत तिची मान कलली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. तिला अजून पन्नाशीही लागली नव्हती.

दुपारी बायकांनी तिला आंघोळ घातली. मध्येच माझी चुलत भावजय बाहेर आली आणि पुण्याहून नुकत्याच पोचलेल्या माझ्या मुलीला आत घेऊन गेली. मुलगी बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, दुःखानं पाहतेय. पण त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली. ओट्यावरच्या बायकाही मी जवळ गेलो की गप्प व्हायच्या.

तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर मुलीनं मला परड्यात गाठलं. “अप्पा, आईच्या गुडघ्याला आणि कोपराला काय लागलं होतं? मांडीवर एवढा काळानिळा डाग होता.”

मी म्हणालो, मला माहीत नाही. ते खरं होतं, पण बोलल्यावर माझं मलाच ते खोटं वाटलं.

“एका घरात राहून?” एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

आपली मुलगी आपल्याबद्दल काय धरून बसली आहे, ते मला तिथं कळलं. आयुष्यात मी बायकोवर हात उचलला नाही. पण हे कुणाला आणि कसं सांगायचं? सांगायला गेलं की जास्तच संशय येतो.

मग मलाही संशय येऊ लागला, तो बायकोच्या धाकट्या बहिणीचा. चार महिने झाले, दर शनिवारी गिरणी बंद असली की बायको बहिणीकडे भोंगवलीला जायची. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला खाली बसता येत नाही, तिचं घरकाम उरकून येते, असं मला सांगायची. पहाटेची एसटी धरायची, नसरापूरला गाडी बदलायची आणि संध्याकाळी परत यायची. मी कधी जास्त विचारलं नाही. आणि आता तीच बहीण आमच्या चुलीपुढं उकिडवी बसून परातभर भाकऱ्या थापत होती. मी तिच्या गुडघ्यांकडे बघत राहायचो. ती माझी नजर चुकवायची. मी समोर आलो की तिला मागच्या दारी काहीतरी काम निघायचं.

गुडघा धड आहे, तर माझी बायको शनिवारी जात कुठं होती?

सहाव्या दिवशी खुंटीवरची तिची प्रवासाची पिशवी मी काढली. आत पंजाबी ड्रेस निघाला. मी तिला जन्मात साडीशिवाय पाहिलेलं नव्हतं. ड्रेस गुडघ्यावर फाटलेला होता आणि त्याला तांबडी माती वाळून चिकटली होती. तो हातात धरून मी जो विचार केला तो लिहायची लाज वाटते, तरी लिहितो. मला वाटलं, कुणीतरी आहे. त्याच्यासाठी ती असे कपडे घालते, आणि त्यानंच तिला मारलंय. मी ड्रेस तांदळाच्या कणगीमागे कोंबला.

दुसऱ्याच दिवशी तांदूळ काढताना तो मुलीला सापडला. तिनं तो माझ्यापुढं ठेवला. “हा तुम्ही का लपवला?” मी ड्रेसची घडी घालत राहिलो. ती पोलिसांत गेली नाही, ते माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे. तोंडानं ते उच्चारायची तिची हिंमत झाली नाही, असं मला आजही वाटतं.

तेरावं झाल्यावर मी भोंगवलीला गेलो. मेहुणी गोठ्यात होती. तिनं पाणी आणून दिलं आणि उभीच राहिली. मी आडपडदा ठेवला नाही. “तुझा गुडघा तर धड हाय. मग ती हितं कशाला येत व्हती?”

आता काय उपयोग, असं ती पुटपुटली. तेव्हा मी सांगितलं, की माझ्या पोरीला वाटतंय मी तिच्या आईला मारायचो. मेहुणीनं पदर तोंडाला लावला आणि खाली बसली.

“दाजी, ताई स्कुटी शिकत व्हती,” ती म्हणाली. “माझ्या गाडीवर, ह्या मागच्या माळाला. दोन-तीनदा पडली. शेवटच्या शनवारी लई जोरात पडली, अन् सोमवारी गेली. मला वाटलं त्या पडन्यानंच गेली. तुमी माझ्या गुडघ्याकडं बघायचा, तवा वाटायचं ह्यांना समदं कळलंय.”

पुढं मी डॉक्टरांना पुन्हा जाऊन विचारलं. त्या माराचा आणि हृदयाचा काही संबंध नाही, असं ते म्हणाले. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात दुसरंच होतं. मी विचारलं, तिनं मला का सांगितलं नाही?

“तुमाला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई म्हनली. तरी गाडी चालवता अन् कबूल करत न्हाई. आधी शिकते म्हनली, मग चावी मागून घेते.”

हे खरं होतं. वर्षभर त्या डोळ्यापुढं धुरकट दिसत होतं. मोटरसायकलवरून पाली गावाकडे जाताना वळणावर समोरची गाडी मला दोनदा उशिरा दिसली. दोन्ही वेळा ती मागे बसलेली होती. तिनं माझा खांदा घट्ट धरला. मला वाटत होतं, मी छान लपवलंय.

घरी येऊन मुलीला सगळं सांगितलं. तिनं माझ्यासमोर मावशीला फोन लावला, ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्हा दोघांचं अगदी एकसारखं येतंय.” म्हणजे आम्ही ठरवून सांगतोय. मी वाद घातला नाही. मी तरी तिच्या आईवर विश्वास कुठं ठेवला होता?

तरी पुढच्या आठवड्यात ती मला भोरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तपासून सांगितलं, मोतीबिंदू बराच जुना आहे. मग विचारलं, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?

मुलगी दाराशी उभी होती. “आईच्या आलं होतं,” ती म्हणाली.

बाहेर बाकावर बसून ती रडली. मी शेजारी बसलो. पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण तिला चालेल की नाही याची खात्री वाटेना, म्हणून हात मांडीवरच राहिला.

स्टँडवर गाडीची वाट बघताना तिनं विचारलं, “पडल्यावर आई काय म्हणाली होती? विचारा ना मावशीला.” मी फोन लावून स्पीकर चालू केला.

“उठली, माती झटकली अन् म्हनली, आधी गाडीला काय लागलंय ते बघ. मग हसाय लागली. हसू आवरंना तिला.”

मुलीनं माझ्या हातातून फोन घेतला. गाडी कुठल्या रंगाची, आईनं हेल्मेट घातलं होतं का, एका दमात ती किती लांब गेली होती, असं ती मावशीला एकेक विचारत राहिली. माळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मावशी सांगत होती, मधी कुठं न थांबता.