हंबीररावांचं खंडित

राजाजीनगरच्या हंबीरराव जगतापांना कोणी मराठी शिकवायला गेलं की त्यांचं डोकंच फिरायचं. त्यांचं घराणं शहाजीराजांबरोबर बंगळुरात आलं, राजे गेले तरी हे राहिलं. तेव्हापासूनची मराठी आपण जशीच्या तशी जपली, पुण्याच्या लोकांनी मात्र मागाहून बिघडवली, असं त्यांचं ठाम मत होतं. आता त्या जपलेल्या मराठीत दर वाक्याला थोड्याऐवजी कानडी 'स्वल्प' एकदा आणि ठीकऐवजी 'सरी' दोनदा यायचं, पण हे त्यांच्या तोंडावर बोलणार कोण? बोलायच्या एकट्या नीलिमाताई. त्या पुण्याच्या, यजमान सरकारी संशोधन संस्थेत. "तुमची मराठी गोड आहे हो हंबीरराव, फक्त निम्मी कानडी आहे," असं त्या हसत म्हणायच्या, आणि हंबीररावांचा दिवस नासायचा.

ही दोघं एका ट्रस्टवर होती. ट्रस्ट म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. हंबीररावांच्या आत्या सकवारबाई, त्यांना चौथीत असताना शाळेतून काढलं होतं. तो राग बाईंनी जन्मभर सांभाळला आणि जाताना पिठाच्या गिरणीवरच्या आपल्या दोन खोल्या पोरांच्या शिक्षणासाठी देऊन टाकल्या. एका खोलीत अभ्यासिका, दुसरीत जुनी पाठ्यपुस्तकं. पुस्तकं न्यायची, वर्ष संपलं की झाडून परत आणायची. रविवारी नीलिमाताई गणित शिकवायच्या. मधेच खाली गिरणी सुरू झाली की भूमितीची प्रमेयं ओरडून सिद्ध करावी लागायची. याशिवाय दरवर्षी एका मुलाची नाहीतर मुलीची दहावीनंतरच्या कॉलेजची सगळी जबाबदारी ट्रस्ट घ्यायचा. निवड सगळ्यांनी मिळून करायची, आणि निवडलेल्याला कॉलेजात नेऊन बसवायचं काम हंबीररावांचं. घड्याळाच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्यांना दोनच उद्योग उरले होते, ट्रस्ट आणि भांडण. गॅसवाला, कंडक्टर, पोस्टमन, कोणी सुटलेलं नव्हतं.

चौऱ्याण्णव साली शलाकाचं नाव पुढे आलं. तिचे वडील हरी फिटर होते, दोन वर्षांपूर्वी कराडहून इकडे आलेले. मुलगी हुशार, सायन्सला जायचं म्हणून हट्टाला पेटलेली. पण हरीच्या पगारात ते बसत नव्हतं. तिची आई प्रेमा हंबीररावांना स्पष्टच बोलली होती, "ट्रस्टनं हात दिला तर कॉलेज. नाही दिला तर होसकोट्याला बिस्किटांच्या पॅकिंगला लावणार. माझ्या भावानं तिथं बोलून ठेवलंय." बिचारी शलाका तेव्हा दाराआड उभी होती. हंबीररावांना ती दिसली.

शनिवारी सभा झाली. हंबीररावांनी शलाकासाठी असा काही आवाज चढवला, की कोणी विरोध करतच नव्हतं हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. नाव ठरलं. आनंदाच्या भरात त्यांनी लगेच फोन लावला. हरीच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या भाग्यलक्ष्मीच्या किराणा दुकानात होता. भाग्यलक्ष्मीने प्रेमाला हाक मारून बोलावलं.

"अक्का, सभा झाली," हंबीरराव म्हणाले. "शलाकाचं कॉलेज खंडित."

"काय?" प्रेमाने विचारलं.

"खंडित म्हणजे खंडित. काही अनुमान करू नका. आता सोमवारी सकाळी..."

एवढ्यात फोन कट झाला. त्या काळी फोन कट होण्याचं कोणाला नवल नव्हतं. हंबीररावांनी टेलिफोन खात्याला दोन शिव्या हासडल्या आणि गोड बातमी पोचली या समाधानात ते जेवायला बसले. सोमवार प्रवेशाचा शेवटचा दिवस, सकाळी कॉलेजच्या गेटाशी भेटायचं, हे आधीच बोलून झालं होतं.

सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेटाशी उभे राहिले. बाकीची पोरं आईबापांबरोबर येत होती, रांगेत लागत होती, पेढे वाटत होती. शलाकाचा पत्ता नाही. ऊन चढलं. हंबीररावांचा पाराही चढला. ट्रस्ट म्हणजे काय वाटलं यांना? ज्यांच्यासाठी घसा कोरडा केला, त्यांना साधं वेळेवर यायला होत नाही? दुसरा एखादा असता तर 'नशीब त्यांचं' म्हणून घरी गेला असता. हंबीरराव तरातरा हरीच्या वठारात, म्हणजे चाळीत, गेले.

प्रेमा अंगणात भांडी घासत होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण रागात असलेल्या माणसाला असलं काही दिसत नाही.

"अक्का, ही काय पद्धत झाली? मी तिकडे गेटाशी वाळत उभा, आणि तुम्ही इथे भांडी घासताय?"

प्रेमाने हातातलं पातेलं आपटलं. "गेटाशी कशाला उभे होता? तुम्हीच फोनवर सांगितलंत ना खंडित म्हणून?"

"होय, सांगितलं. दोनदा सांगितलं."

"मग?"

"मग काय मग? एवढं खंडित म्हटल्यावर यायला नको?"

"खंडित म्हटल्यावर कशाला यायचं? हसं करून घ्यायला?"

भांडण ऐकून भाग्यलक्ष्मी दुकानातून बाहेर आली. दोघं एकच गोष्ट बोलताहेत आणि तरी भांडताहेत, हे तिला काही उमगेना.

"अहो, खंडित म्हणजे तुटलं, बंद पडलं," प्रेमा रडत म्हणाली. "वीजपुरवठा खंडित म्हणतात तसं. आणि वर मलाच म्हणालात, अनुमान करू नका. मी कसलं अनुमान करणार होते? सरळ फोन ठेवला."

"खंडित म्हणजे नक्की," हंबीरराव म्हणाले. "अनुमान म्हणजे शंका. नक्की आहे, शंका घेऊ नका, असं म्हटलं मी." आणि सवयीने पुढे म्हणाले, "आमच्या घरात शहाजीराजांपासून खंडित म्हणजे नक्कीच."

"मग शहाजीराजांनाच सांगा माझ्या पोरीला होसकोट्याहून आणायला," प्रेमा म्हणाली. "सकाळीच गेली ती मामाबरोबर. शनिवारपासून नीट जेवली नाही."

भाग्यलक्ष्मीने कपाळावर हात मारला. तिच्या कानडीतही खंडित म्हणजे नक्कीच होतं. म्हणजे साडेतीनशे वर्षं जपलेला तो शब्द शहाजीराजांचा नव्हता, किराणा दुकानातला होता. हंबीररावांना एकदम दुकानाच्या पायरीवर बसावंसं वाटलं, आणि ते बसले. एका पोरीचं आयुष्य आपण आपल्याच तोंडाने बिस्किटांच्या डब्यात भरलं, हे त्यांना तिथे कळलं.

पण बसून चालणार नव्हतं. मारुती गाडी होती फक्त नीलिमाताईंकडे. ज्या बाईपुढे मराठीबद्दल एका शब्दाचीही हार मानली नव्हती, तिला फोन करून सगळं सांगणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. त्यांनी सांगितलं. पलीकडून हसू येईल म्हणून डोळे मिटून घेतले. हसू आलं नाही.

"मी निघते," नीलिमाताई म्हणाल्या. "पत्ता मात्र प्रेमाताईंना सांगू दे. तुम्ही नका सांगू."

प्रेमा मुलीची मार्कशीट घेऊन गाडीत बसली आणि दोघी होसकोट्याला गेल्या. हंबीररावांकडे एकच काम राहिलं, चार वाजता बंद होणारी कॉलेजची प्रवेशाची खिडकी उघडी ठेवणं.

खिडकीत मल्लाप्पा नावाचा क्लार्क होता. रांग संपली, दुपार कलली, आणि तो रबर स्टॅम्प गोळा करू लागला. हंबीररावांनी कानडीत विनवण्या केल्या. मल्लाप्पा कौतुकाने म्हणाला, "तुमची कानडी छान आहे हो, फक्त जरा मराठी वाटते." दुसरी कुठली वेळ असती तर यावरून तासभर जुंपली असती. आज हंबीररावांनी तो घोटही गिळला. मग त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली.

"हे घड्याळ पुढे आहे," ते म्हणाले.

"चार वाजले, म्हणजे चार वाजले."

"घड्याळाच्या कारखान्यात आयुष्य गेलंय माझं. काढा खाली, दाखवतो."

मल्लाप्पाला हो-नाही म्हणायला सवड मिळायच्या आत घड्याळ खाली आलं होतं, त्याचं झाकण निघालं होतं आणि आतली चाकं, स्क्रू, स्प्रिंग खिडकीच्या कट्ट्यावर मांडली गेली होती. आता खिडकी लावायची तर सगळं खाली सांडणार. चार वाजले म्हणायचं तर कशावरून? हंबीरराव एकेक चाक उचलून फुंकर मारत होते आणि परत तिथेच ठेवत होते. मल्लाप्पा आधी चिडला, मग हताश झाला, मग त्याने चहा मागवला.

शेवटी गाडी आली. शलाका धावत आत शिरली. तिच्या बाह्यांना बिस्किटांचा चुरा लागला होता. मल्लाप्पाने तिच्याकडे पाहिलं, मार्कशीटकडे पाहिलं, आणि चाकं बाजूला सारून स्टॅम्प मारला. हंबीररावांनी घड्याळ पुन्हा जोडून भिंतीवर लावलं.

बाहेर पडल्यावर ते शलाकासमोर उभे राहिले. "पोरी, माझ्या जिभेनं घात केला," ते म्हणाले. "चुकलो."

शलाकाने बाह्यांवरचा चुरा झटकला. मग म्हणाली, "काका, पॅकिंगच्या शेडमध्ये शेजारच्या बाई म्हणाल्या, पहिला आठवडा रडू येतं, मग नाही येत. मला त्याचीच भीती वाटली." तिने डोळे पुसले. "पण आम्ही आलो नाही, म्हणजे आम्हाला किंमत नाही, असंच वाटलं असेल ना तुम्हाला? मग घरी का आलात?"

हंबीररावांना काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं. ट्रस्टबद्दल, आत्याबद्दल. पण खोटं काही सुचेना.

"भांडायला आलो होतो," ते म्हणाले.

नीलिमाताईंनी तोंडाला पदर लावला. प्रेमा मात्र हसली नाही. तिने भर रस्त्यात वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "असेच भांडत राहा, अण्णा. शहाणा माणूस असता, तर परस्पर घरी गेला असता."